एकोणिसावा हात

बोराटीची पहिली काटेरी फांदी सहादेवने दुफाट्या काठीच्या बेळक्यात धरली, पायाने तिचं खोड दाबलं आणि जुन्या कुपाटीच्या आत बरोबर एक हात अंतरावर ती जमिनीला टेकवली. हात म्हणजे त्याचा स्वतःचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तो सरकारी हातापेक्षा बोटभर लांब होता. ही गोष्ट त्याला ठाऊक होती आणि त्याने ती कुणाला सांगितलेली नव्हती.

जुनी कुपाटी वाळवीने पोखरली होती, बोट लावलं की भुगा. काट्याच्या कुंपणाचं आयुष्य तेवढंच. बाजरी निघाली, दिवाळी सरली की मिशनच्या कंपौंडाला चारी बाजूंनी नवी कुपाटी घालायची, हा सहादेवचा वर्षाचा नेम. तीन बाजू तो जुन्या ओळीवरच घाली. उत्तरेची मात्र दर साल एक हात आत घेई. जुना भुगा उपसत बसायला वेळ कुठाय, असं उत्तर त्याने तयार ठेवलं होतं. अठरा वर्षांत कुणी विचारलं नाही, त्यामुळे ते अजून घडी न मोडलेल्या धोतरासारखं होतं.

खुर्चीचे पाय खडीवर घासल्याचा आवाज आला. फादर कोनराड आले. बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, हातात सीताफळांची टोपली. चाळीस वर्षांपूर्वी ते श्रीरामपूरला गाडीतून उतरून या कालव्याच्या टेलावरच्या, शेवटच्या गावात आले, तेव्हा गावाने त्यांना ‘जर्मनचा फादर’ म्हटलं. गावात जर्मनची म्हणून फक्त ॲल्युमिनियमची पातेली होती, हलकी आणि पांढुरकी. त्यामुळे हा उंच माणूस वाजवून बघावा असं पोरांना फार दिवस वाटे. आता फादर शहात्तर वर्षांचे होते आणि वाजवण्याजोगं त्यांच्यात फारसं काही उरलं नव्हतं.

खुर्ची कुपाटीपासून चार पावलांवर ठेवून ते बसले. डब्यातून कागदाचा कपटा काढला.

“बेळकं लिहिलं मी. बोराटी, कुपाटी हेही लिहिलं. आणखी काय?”

“आनखी काय असनार? काटा मोडला की आई गं. त्ये बी लिवा.”

फादरांनी ते खरोखरच लिहिलं. असे कपटे त्यांच्या खोलीत चार डबे भरून होते आणि चारही डबे एकाच शब्दाचे, कुंपणाचे. एका शब्दाला चार डबे लागतात तर बायबलाला किती लागले असतील, असा हिशोब सहादेवने एकदा मनाशी मांडून पाहिला होता. तो जुळला नव्हता.

दुपार कलली होती. कालव्याला पाणी नव्हतं, पाऊस त्या साली निम्माच झाला होता. तरी हवेत बोरांचा आंबूस गोड वास होता आणि बोंडातून सुटलेला कापूस ऊन तोलून पाहिल्यासारखा हळूहळू तरंगत होता. अशा वेळी फादर बोलू लागले की सहादेवचे हात चालत, कान तेवढे दूर कुठेतरी जात.

“माझं गाव जर्मनीतलं शेवटचं. पुढे ओढा, ओढ्यापलीकडे हॉलंड. सकाळी धुकं इतकं, की गाईला फक्त पाय असायचे. आम्ही कुंपणाला त्साउन म्हणतो. माझी मावशी ओढ्यापलीकडे दिलेली. ती म्हणायची, पोरं ताउनात खेळतायत. शब्द तोच, नुसती जीभ वेगळी. मला वाटायचं, किती कठोर बाई! पोरांना कुंपणात घालते, काटे लागत असतील.”

“मग?”

“एकदा आईने मला पलीकडे नेलं. पाहतो तर बाग. फुलं, कोबी, सफरचंदाचं झाड. ते लोक बागेलाच ताउन म्हणतात.”

“अन् विंग्रज?”

“इंग्रजांनी त्याच शब्दाचं टाऊन केलं. मोठं गाव. नॉर्वेत तो शब्द घराघरांमधलं अंगण झाला. त्याच्याही पलीकडे समुद्रात एक बेट आहे, नुसता बर्फ आणि दगड. तिथे तून म्हणजे घराला लागून राखलेलं गवत.” फादरांनी सीताफळ फोडलं. “एका आईची लेकरं, चार घरी दिलेली. हाक मारली की चौघंही मान वर करतात, पण प्रत्येकाच्या अंगणात दुसरंच काही असतं.”

“म्हंजी मूळचं काय?”

“मूळचं कुंपण. आधी कुंपण, मग त्याच्या आत जे झालं ते.”

“अन् भाईर जे झालं त्ये?” सहादेव बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

फादरांनी घाई केली नाही. गर खाल्ला, तोंडातल्या बिया एकेक करून तळहातावर घेतल्या, आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा हात लांब करून कुपाटीपलीकडे भिरकावल्या. हे ते दर साल करत. सहादेवला ती म्हाताऱ्याची खोड वाटे.

“बाहेरचं अजून कुणी लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. मग रुमालाला हात पुसत, “गुरुवारी मोजणी आहे.”

बेळकं हवेतच राहिलं.

“कशाची मोजनी?”

“कंपौंडाची. नाताळ झाला की मी पुण्याला जाणार, म्हाताऱ्या फादरांच्या घरी. नवे फादर तरुण आहेत. त्यांना लोखंडी खांब आणि तार पाहिजे. तार एकदाच घालायची, म्हणून हद्द नक्की पाहिजे.”

सहादेवने बेळकं खाली ठेवलं. उत्तरेच्या बाजूला त्या वर्षीची एकच फांदी पडली होती. बाकीची उद्या घालू, असं पुटपुटत तो निघून गेला.

उत्तरेला कुपाटीपलीकडे एकच घर होतं, छबूबाईचं. तिचा नवरा गोरक्षनाथ आणि सहादेव कुपाटी जोडीने घालत. एकाने तोडायचं, एकाने रचायचं. त्रेपन्न साली काम संपत आलं असताना, आणखी एक भारा लागेल असं ठरलं, म्हणून गोरक्षनाथ दिवेलागणीला ओढ्याकाठच्या बोराटीत परत शिरला. तिथे त्याला पान लागलं. सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून गाव पान म्हणतं. मिशनची जीप श्रीरामपूरपर्यंत पोचली, गोरक्षनाथ पोचला नाही.

राहिलेली उत्तरेची बाजू सहादेवने एकट्याने घातली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, ओळ हातभर आत आली. दुसऱ्या दिवशी त्याने पाहिलं, तर तेवढ्या पट्टीवर छबूबाईने राखेचं आळं करून भोपळ्याचं बी टोचलं होतं. सहादेव उभा राहून त्या आळ्याकडे बघत राहिला. पुढच्या साली डोळे कोरडे होते, तरी ओळ हातभर आत आली. त्यानंतर ती दर साल येत गेली. या सगळ्याबद्दल तो आणि छबूबाई एक शब्दही बोलले नव्हते. कुपाटी सरकली की ती सारवत सारवत मागून येई. आता तिथे पडवी होती, चूल होती, कोंबड्यांचं खुराडं होतं. शिवाय सीताफळांची एक तिरकी ओळ होती. पहिलं झाड माळवदाला टेकलेलं, शेवटचं गुडघ्याएवढं, सालागणिक उतरत आलेली पायरीच. शेळ्या त्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून अठराच्या अठरा जगली होती.

बुधवारी सहादेव तिच्या दारात गेला. ती धुणं धूत होती.

“वैनी, उद्या मोजनी हाय.”

“कुनाची?”

“मिशनची. साखळी येनार. जुन्या हद्दीचा दगुड हुडकनार.”

छबूबाईने लुगडं आपटायचं थांबवलं नाही. “हुडकू द्या की. म्या काय लपिवलाय व्हय? रोज धुतीया त्याला.”

ते खरं होतं. ती धुणं आपटत होती तोच तो दगड. अठरा वर्षांच्या साबणाने त्याला शाळिग्रामासारखी झिलई आली होती.

“चेष्टा न्हाई, वैनी. पडवी जाईल. चूल जाईल. समदं मागं न्यावं लागंल.”

“अन् तुमचं काम?”

“माजं सोडा.”

“का सोडू?” तिने पिळा घट्ट केला. “अठरा वर्सं तुमी काटं घालताय, मी सारवतीया. कदी इचारलं का म्या, का वो भाऊजी, औंदा हितं का? न्हाई इचारलं. मग आता तुमी का माज्या दारात येऊन तोंड वासताय?”

“ह्या झाडांनी घात केला. थोरलं कोनचं अन् धाकटं कोनचं, आंधळा बी सांगंल. अशी वळीनं लावायची काय गरज हुती?”

“बी काय माज्या घरचं न्हाई.”

“मग कुनाचं?”

तिने त्याच्याकडे पाहिलं, लहान मुलाकडे पाहावं तसं. “मला वाटलं, तुमाला ठावं असंल,” म्हणाली, आणि पिळे घेऊन वाळत घालायला गेली.

सहादेव थोरल्या सीताफळाखाली टेकला. ऊन पानांतून गळून त्याच्या मांडीवर नाण्यांसारखं पडत होतं. डोळा लागला असावा. त्याला दिसलं, की कुपाटी चालते आहे, धुक्यातून, गुडघ्याएवढ्या काटेरी पायांनी, कुणाची झोप मोडू नये इतकी जपून. मागे गोरक्षनाथ उभा आहे, डोक्यावर भारा आहे, आणि तो हसून विचारतो आहे, पुरे का रे आता? सहादेवला उत्तर द्यायचं होतं, पण त्याच्या तोंडात बिया होत्या. जाग आली तेव्हा कोंबडी त्याच्या पायाशी उकरत होती आणि सावली बरीच लांब गेली होती.

गुरुवारी मोजणीदार सकाळीच आला. राधाकृष्ण त्याचं नाव. अंगाने किडकिडीत, बोलण्यात चोख, दर वाक्याला नकाशावर पेन्सिल टेकवणारा. साखळी धरायला त्याने शिपाई आणला होता. पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा तीन बाजू जेवणाआधी बिनबोभाट जुळल्या. सहादेव साखळीमागून चालत होता आणि मनात वाक्यं जुळवत होता. फादर, चूक माजी हाय. हे पहिलं. दुसरं त्याला सुचत नव्हतं.

उत्तरेला राधाकृष्ण कुपाटीच्या खिंडीतून पलीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. छबूबाई दगडाशेजारी उभी होती. धुणं संपलेलं, हात ओले.

“बाई, हा दगड तुमचा?”

“दगुड सरकारचा. साबन माजा.”

शिपाई हसला. राधाकृष्ण हसला नाही. त्याने साखळी लावली, झाडांच्या ओळीकडे बघितलं, शेवटापासून पहिल्यापर्यंत पेन्सिलीने मोजलं, मग सहादेवच्या हातातल्या बेळक्याकडे बघितलं. माणूस हुशार होता. त्याच्या धंद्यात जमीन मोजता मोजता माणसंही मोजली जात असावीत.

“फादर,” तो इकडे येऊन म्हणाला, “तुमची अठ्ठावीस फूट दीड इंच जागा पलीकडे गेलीय.”

दीड फुटाचा हात धरला तर अठरा हातांचे फूट सत्तावीसच होतात. वरचा साडेतेरा इंचांचा तुकडा त्या बोटभर लांबीचा. सहादेवच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याचा हात बरोबर मोजला होता.

“फादर, चूक...” त्याने सुरुवात केली.

“सहादेव, माझी काठी दे,” फादर म्हणाले.

काठी घेऊन ते खुर्चीतून उठले. उठायला वेळ लागला. ते कुपाटीपर्यंत चालत गेले. तिथे जुन्या ओळीच्या हातभर आत, सहादेवने सोमवारी टाकलेली ती एकुलती फांदी होती. फादरांनी तिच्यावर काठी टेकवली.

“जागा गेलेली नाही. दिलेली आहे. नवीन कुंपण इथे आहे. इथून लिहा.”

“अहो, पण हे कुंपण कुठंय? ही तर एक फांदी आहे.”

“सुरुवात आहे.”

“फादर, याने आणखी दीड फूट जाईल.”

“दीड फूट आणि एक बोट,” फादर म्हणाले. सहादेवकडे त्यांनी पाहिलंही नाही.

राधाकृष्णाने पेन्सिल कानावर ठेवली. “कागद काही आहे? बक्षीसपत्र, निदान चिठ्ठी?”

“नाही. झाडं आहेत.”

“झाडं फायलीला लावता येत नाहीत. उद्या नवे फादर येतील, ते मला विचारतील.”

“ते येईपर्यंत इथे मी आहे. कंपौंडाचा अखत्यार माझ्याकडे आहे. मालकाची हरकत नाही, असं लिहा. मी सही करतो, तारीख घालतो. नव्यांना पत्र मी आजच लिहीन.”

राधाकृष्णाने पेन्सिल कानावरून काढली. त्याने पुन्हा एकदा त्या तिरक्या ओळीकडे पाहिलं. माणसाने नियम मोडावा की नाही याचा तो विचार करत नव्हता. आपण एवढ्या साखळ्या ओढल्या, पण असं कुणी देताना कधी दिसलं का, हे तो बहुधा आठवत होता.

“पलीकडच्या जागेचं वर्णन काय लिहू?” अखेर त्याने विचारलं. “पड? घरठाण?”

“माझ्या गावात याला कुंपण म्हणतात,” फादर म्हणाले. “ओढ्यापलीकडे बाग म्हणतात.”

“मग?”

“ओढ्यापलीकडचं लिहा.”

राधाकृष्णाने ‘बाग’ लिहिलं. फादरांनी सही केली. तारीख स्वच्छ अक्षरात घातली. छबूबाईने मोजणीदाराला आणि शिपायाला पडवीत बसवून पिठलं-भाकरी वाढली. पडवीत वाढायचं, हे तिने मुद्दाम केलं असावं.

साखळी गुंडाळून माणसं गेली तेव्हा चार वाजले असतील. सहादेवने बेळकं उचललं आणि पहिल्या फांदीला दुसरी जोडली. तिसरी जोडली. फादर खुर्चीत होते, मांडीवर डबा, पण डबा उघडलेला नव्हता. कालव्याच्या बाजूने वारा आला आणि कुपाटीच्या जुन्या भुग्याची एक करडी रेघ उडून दोघांच्या मधून गेली.

“तुमाला कवापासून ठावं हुतं, फादर?”

“तुझ्या पहिल्या हातापासून. मी रोज इथे बसतो, सहादेव. खुर्ची चार पावलांवर ठेवतो. दर साल मलाही एक हात मागे यावं लागतं.”

सहादेवने काटा नीट बसवण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

बऱ्याच वेळाने फादरांनी विचारलं, “त्या संध्याकाळी काटे कमी पडत होते का?”

सहादेवला ती संध्याकाळ फांदी फांदी पाठ होती. सहा भारे आले होते. पाच लागले असते. सहावा तसाच पडून होता, तरी ओळीच्या टोकाला उभं राहून एका उंच माणसाने म्हटलं होतं, आणखी एक आणा, कोपरा विरळ वाटतो. कोपरा विरळ नव्हता. हे त्या वेळीही सहादेवला कळत होतं, आणि तोही काही बोलला नव्हता.

“व्हय,” तो म्हणाला. “कमीच पडत हुतं, फादर. भारा आनावाच लागला असता.”

फादर त्याच्याकडे बघत राहिले. अठरा हातांत एका बोटाचीही चूक न करणारा माणूस हे सांगत होता.  टोपलीतून एक सीताफळ काढून त्यांनी फोडलं आणि अर्धं सहादेवपुढे धरलं.

दोघे खात राहिले. ऊन उतरून सीताफळांच्या शेंड्यांवर आलं आणि अठरा पायऱ्या एकीमागून एक उजळल्या, थोरलीपासून धाकटीपर्यंत. फादरांनी बिया तळहातावर जमवल्या, हात मागे नेला, मग तो तसाच खाली आणला. खांद्यात त्राण नव्हतं. त्यांनी मूठ सहादेवच्या ओंजळीत उघडली.

“तू टाक.”

सहादेवने त्यांच्या बियांत आपल्या मिसळल्या. काळ्या, गुळगुळीत, अजून ओल्या. तो उठला आणि हात लांब करून त्याने त्या कुपाटीपलीकडे भिरकावल्या.

पलीकडून खराट्याचा आवाज थांबला.

“अवो भाऊजी,” छबूबाईचा आवाज आला, “डाव्या अंगाला टाका जरा. औंदाचा खड्डा तिकडं केलाय.”